बुधवारचे फौजदार

फौजदार अण्णांना पहिलं उत्तर कधीच पटलं नाही. कुणाचंच नाही, कशाचंच नाही. "धंदा कसाय?" असं विचारायचे. आपण "बरं चाललंय" म्हटलं की चहाची बशी खाली ठेवून म्हणायचे, "हे झालं लोकांला सांगायचं. आता खरं काय ते सांगा की." त्या वाक्यावर मी किती वेळा दातओठ खाल्ले, ते माझं मला माहीत.

पोलिसात ते कधीच नव्हते. सोलापुरात साखर पेठेत त्यांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. फौजदार हे नाव आमच्या बुधवारच्या गटानं ठेवलेलं. आम्ही आठ लहान धंदेवाले दर बुधवारी सकाळी एका छापखान्याच्या माडीवर जमायचो. एकानं आपल्या धंद्यातली अडचण मांडायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न संपल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही, असा नियम. नियम चांगला होता, पण अण्णांचे प्रश्न संपायचेच नाहीत.

मी त्या गटात गेले ती नाइलाजानं. शाळांचे गणवेश शिवायचा माझा छोटा कारखाना आहे. आदल्या जूनमध्ये अकलूजच्या एका शाळेचे गणवेश पोचायला उशीर झाला. पोरं पहिले तीन आठवडे जुन्या, आखूड झालेल्या चड्ड्यांवर शाळेत बसली. मुख्याध्यापकांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "बाई, यंदा शाळा उघडायच्या आधी माल आला नाही, तर आपला नमस्कार." ही सगळ्यात मोठी शाळा. ती गेली की निम्मा कारखाना बंद.

माझ्या मते दुखणं सोपं होतं: मशिनं कमी पडतात, आणखी सहा घ्यावीत. गटात मी हे झोकात मांडलं. अण्णा म्हणाले, "शर्ट कापून कवा होतो?" सांगितलं. "शिवून कवा होतो?" तेही सांगितलं. "इस्त्रीला कवा जातो?" सांगितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "मधले आठ दिवस कुटं गेले, ताई?" मी म्हटलं, "जातात कुठंतरी." त्यावर त्यांनी इतक्या समाधानानं मान हलवली की मला उठून जावंसं वाटलं.

दोन दिवसांनी स्वारी न सांगता कारखान्यात हजर. खिडकीपाशी स्टूल ओढून घेतलं, पिशवीतून स्वतःचीच कडक भाकरी काढली आणि माझ्या शिलाईवाल्या बायकांना वाटत बसले. मराठी, कानडी ही त्यांची घरचीच; पण त्यांतल्या सगळ्यात जुन्या लक्ष्मीअक्काशी तेलुगूतही गप्पा मारायला लागले. अर्धा दिवस कामाचा खोळंबा! मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, तर म्हणाले, "तुमी तुमचं चालू द्या की."

पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर निकाल लागला. "ह्यांच्याकडं आठ बाया शिवत्यात आन् एक बाई अडवतीय." ती एक बाई म्हणजे मी. शिवून झालेला प्रत्येक गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा. प्रत्येक कॉलर मी स्वतः उलटून बघितल्याशिवाय इस्त्रीला जाऊ द्यायची नाही. आणि दिवसभर मी असायची शाळांच्या ऑफिसांत. गठ्ठे बसायचे माझी वाट बघत. खरं होतं, पण असं चारचौघांत सांगतात का?

मी रुसले. दोन बुधवार गेलेच नाही. दोन्ही बुधवारी सकाळी फोन: "ताई, चहा गार व्हायलाय." शेवटी त्या फोनला कंटाळून मी चेकिंग लक्ष्मीअक्काकडं दिलं. पहिल्या दिवशी तिनं तपासलेल्या मालातले दोन गठ्ठे लपवून घरी नेले आणि जेवण सोडून उलटेपालटे केले. एकाही कॉलरला खोट नव्हती. एका शर्टाचा खिसा तिरका निघाला, तेव्हा मला चक्क आनंद झाला. नीट बघते तर त्यावर आधीच खडूची फुली, आणि चिठ्ठी: परत शिवणे. मी मुकाट्यानं जेवायला बसले.

त्या वर्षी शाळा उघडायच्या चार दिवस आधी टेम्पो अकलूजला पोचला, नवं मशिन न घेता.

अण्णांची स्वतःची पाळी आली की मात्र ते म्हणायचे, "माझं काय? भाकरी हाय, लोक खात्यात. फुडचं घ्या." आणि आम्ही सातजण, एवढे शहाणे, पुढचं घ्यायचो. त्याच उन्हाळ्यात ते यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, गावाला गेले असतील.

शाळा उघडल्यावर पेढे घेऊन मी साखर पेठेत गेले, तर दुकानाची पाटी उतरवलेली. वर माडीवर त्यांच्या सुनेनं सगळं सांगितलं. चटणीचा प्रत्येक घाणा अण्णा स्वतः चाखणार, मगच पुडे भरायचे. दुसऱ्या कुणाची जीभ चालायची नाही, सुनेचीही नाही. उन्हाळ्यात ते आजारी पडले आणि तोंडाची चवच गेली. घाणे पडून राहिले, त्यांची चटणी विकणाऱ्या दुकानदारांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली. ती म्हणाली, "मी करते म्हणाले होते, ताई. पण मला द्यायलाच तयार न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. खाटेवर बसलेल्या त्या वाळलेल्या माणसाला मी तोंडाला येईल ते बोलले. "आम्ही सातजण होतो ना, अण्णा? एकदा तरी आम्हाला विचारू द्यायचं होतं!" ते खाली मान घालून म्हणाले, "दुसऱ्याचं दिसतंय, ताई. आपलं दिसत न्हाय." मग एक पेढा तोंडात टाकला, त्याची चव त्यांना लागली नसणार, आणि मला विचारलं, "अकलूजवाल्यांशी फुडल्या वर्साचं बोलून घेतलं का?"

मी इतकी चिडले होते की उत्तर न देता जिना उतरले. दिवाळीच्या आधीच अण्णा गेले.

बोलून घेतलं होतं, अण्णा. त्याच दिवशी. तेच तर सांगायला आले होते.