मागचा माणूस

लतीफचाचांकडे मी कामाला लागले, त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला एकही फोटो काढू दिला नाही. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचं शूट होतं. जोडपं ओल्या वाळूत उभं, चाचा एका गुडघ्यावर बसलेले आणि मी गळ्यात कॅमेरा अडकवून तयार. मान न वळवता ते म्हणाले, "पोरी, तू आमच्याकडे पाठ कर. पाण्याकडे बघ. कोण आत जातंय, कोण बाहेर येतंय, तेवढंच." नव्या माणसाची थट्टा चालली असेल, असं मला वाटलं. पण पुढे किनाऱ्यावरच्या प्रत्येक शूटला हेच. जोडप्याने विचारलंच तर चाचा सांगत, "ती आमची पहारेकरीण हाय. तुम्ही इकडे बघा."

मी तळा गावची. वडील शाळेत मास्तर, आणि मुलीने लग्नांत फोटो काढत फिरावं हे त्यांना पसंत नव्हतं. चाचा स्वतः घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, माझे दोन्ही मुलगे आखातात. दुकान कुणीतरी चालवायला पाहिजे. हिचा डोळा चांगला हाय." एवढ्यावर वडील तयार झाले. उंच, जरासे वाकलेले, पांढरी दाढी, खिशात लेन्स पुसायचं फडकं असे चाचा कुठल्याही लग्नघरात सहज मिसळत. नवरी अवघडली की म्हणत, "असं हस, जशी सासू चार दिवस माहेरी गेलीय." निकाह असो, नाहीतर आमच्याकडचं बुद्धवंदनेचं लग्न, हे वाक्य दरवेळी चालायचं.

त्यांचा जुना कॅमेरा खाऱ्या हवेने खाल्ला. शटर अडकायला लागलं, तेव्हा नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरलं आणि आमचे वाद सुरू झाले. मी फुल फ्रेमच्या बाजूची. फोटो टिपणारा आतला सेन्सर मोठा, म्हणजे उजेड जास्त गोळा होणार, सूर्य बुडाल्यावरही चित्र स्वच्छ येणार. चाचांना मात्र सगळ्यात लहान सेन्सरचा, मायक्रो फोर थर्ड्स हवा. तो हलका, लेन्सही लहान, हे मलाही मान्य होतं.

"पण चाचा, उजेड कमी झाला की फोटोत वाळूसारखे दाणे येतात."

"येऊ देत. दाण्यांत काहीतरी दिसतं तरी." मग विषय बदलायला म्हणत, "आणि लेन्स बघून घे. कॅमेरा म्हणजे नवरी, लेन्स म्हणजे तिचं माहेर. घरात एकच येते, पण संबंध सगळ्यांशी ठेवायला लागतात."

शेवटी आम्ही पनवेलच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने फुल फ्रेमने माझा फोटो काढला. माझ्यामागे एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याचा फोटोत नुसता करडा डाग झाला होता. "बघा चाचा," दुकानदार खुशीत म्हणाला, "बॅकग्राउंड कसं लोण्यासारखं वितळलंय."

चाचांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. "मागचा माणूस कुठे गेला?"

"तोच तर फायदा आहे."

चाचांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. "आज नको," म्हणाले आणि बाहेर पडले.

परतीला एसटी माणगावला थांबली. चहाचा पेला हातात तसाच धरून ते बोलायला लागले. "तू यायच्या आधीची गोष्ट. काशीदच्या किनाऱ्यावर एक जोडपं घेऊन गेलो होतो. सूर्य टेकला होता. माझं सगळं लक्ष नवरीवर. दुसऱ्या दिवशी कळलं, घाटावरचा एक कॉलेजचा पोरगा त्याच वेळेला तिथे बुडाला. मित्रांना वाटलं, खोलीवर गेला असेल. मी फोटो कॉम्प्युटरवर लावले. एका फोटोत, नवरीच्या खांद्यामागे, पाण्यात तो होता. हात वर केलेला."

"मदतीला बोलवत होता?"

"तेच कळत नाय. मोठा केला की नुसते दाणे. सेन्सर मोठा असता तर मागचं सगळं पुसलं गेलं असतं, मला पत्ताही लागला नसता. माझ्या जुन्याचा लहान होता म्हणून तो दिसला. आणि लहान होता म्हणून नीट दिसला नाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता सांग, कुठला घेऊ?"

मोठ्या सेन्सरवरही लेन्सचं छिद्र बारीक केलं की मागचं स्पष्ट येतं, हे मला माहीत होतं. ते न सांगता मी चहाचे पैसे द्यायला उठले.

त्या मुलाची आई दरवर्षी काशीदला यायची आणि फोटोवाल्यांना विचारत फिरायची. त्या वर्षी कुणीतरी तिला चाचांचं नाव सांगितलं. ती दुकानात आली तेव्हा मी समोरच होते. "भाऊ, त्या दिवसाचं काही फोटो हायेत का? त्याचा मोबाइल पाण्यातच गेला. शेवटचा फोटोबी न्हाय माझ्याकडं."

नाहीत म्हणणं सोपं होतं. चाचांनी उठून कॉम्प्युटर लावला.

त्यांनी बोट दाखवायच्या आतच तिला तो सापडला. "ह्यो माझा ओंकार! जरा मोठा करा." चाचांनी मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन झाले. "नको, नको, मागं घ्या. मोठा केला की जातो त्यो." मग पदर तोंडावर धरून तिने विचारलं, "हाक मारत व्हता का हो?"

"नाय ताई," चाचा म्हणाले. "खेळत होता. हसत होता. माझ्याकडे बघून हात हलवला त्याने. मी पण हलवला."

ती खूप रडली. चाचांनी नवरा-नवरीसकट छापून दिलेला तो फोटो छातीशी धरून गेली.

"मी बघितलंच नव्हतं त्याला," ती गेल्यावर चाचा म्हणाले. "पाच वेळा नमाज पढणारा माणूस मी, आईच्या तोंडावर खोटं बोललो."

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण काही आठवड्यांनी, अल्बम चिकटवता चिकटवता ते थांबले. "पोरी, मला ते आठवायला लागलंय. त्याने हात हलवला, मी हलवला. अगदी दिसतंय. खरंच बघितलं असेल काय मी? मग बघूनही वाचवायला का नाय गेलो?"

मी पुन्हा पुन्हा समजावलं. ते मान हलवायचे, पण किनाऱ्यावरची कामं त्यांनी बंदच केली. कॅमेरा निवडायचं माझ्यावर सोडलं. मी मधल्या आकाराच्या सेन्सरचा, एपीएस-सी आणला. त्यांनी तो एकदाही डोळ्याला लावला नाही.

गेल्या थंडीत ते दुपारच्या झोपेतच गेले. ओंकारची आई कळल्याबरोबर आली. दुकानातल्या बाकावर बसली.

"माझ्या लेकराला शेवटचं हसताना बघितलेला एकच माणूस व्हता," ती म्हणाली. "त्योबी गेला." मग तिने माझा हात धरला. "तुला सांगितलं असंल की त्यांनी. कसा हसत व्हता गं?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगू लागले.