भिंतीवर ठेवलेला गाऊन

या उन्हाळ्यापर्यंत माझ्या कुठल्याच गाऊनचा गळा मी स्वतः शिवलेला नव्हता.

घरात घालायचे सुती गाऊन आम्ही तयार आणत नाही. तयार गाऊन दोन धुण्यांत आखडतो आणि काखेत काचतो. त्यापेक्षा होळी झाली की परंड्याच्या बाजारातून एकाच छापाचं कापड आणायचं आणि मी आणि माझी थोरली जाऊ, दोघींनी मिळून दोघींचे शिवायचे, अशी आमची रीत. कामं वाटलेली होती. कापणं आणि मशीनवरच्या सरळ शिवणी माझ्याकडं, गळा तिच्याकडं. तिरकी पट्टी लावून ती हातानं गळा असा बसवायची की टाका शोधून सापडू नये. मला तेवढा दम नाही. माझ्या हातचा गळा तोंड वेंगाडतो.

दिवाळीनंतर घराची वाटणी झाली. भांडण दोघा भावांचं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. आम्ही दोघी एकमेकींना वावगं एक अक्षर बोललो नव्हतो. पण अंगणात मधोमध भिंत आली आणि आमचंही बोलणं बंद झालं. समेट करावा तर आमचं भांडणच झालेलं नव्हतं, सुरुवात कुठून करायची? भिंतही छातीइतकी होऊन थांबली. पुढच्या विटा कुणी आणायच्या, यावरून पुन्हा भावांचं बिनसलं. त्यामुळं ती धुणं वाळत घालते तेव्हा मला खांद्यापासून वर दिसते आणि मी तिला. दोघीही दुसरीकडं बघतो.

माहेरून बहिणीनं फोनवर विचारलं, लई वाईट वाटत असंल ना? मी म्हटलं, काही वाटत नाही. ते खरंच होतं. राग नाही, रडू नाही. भाकरी थापायची, खायची, भांडी घासायची. कालवणात मीठ पडलं नाही हेसुद्धा नवऱ्यानं सांगितल्यावर कळायचं. आपण आता अशाच राहणार का, असं कधी मनात यायचं, पण त्याचीही धड भीती वाटायची नाही.

यंदा ऊन लवकर तापलं. बाजारात गेले तर नेहमीच्या दुकानदारानं निळ्या बारीक फुलांचं कापड पुढं टाकलं आणि विचारलं, "नेहमीएवढंच ना, वहिनी?" मी मान हलवली. त्यानं दोघींचं कापड फाडलं. मी ते पिशवीत घातलं आणि एसटीत येऊन बसले. डोक्यात काही आलंच नाही.

दुपारी फरशीवर कापड चौपदरी अंथरलं, वर जुना गाऊन ठेवला, साबणाच्या चिपेनं कडेनं आखलं आणि कात्री चालवली. माप दर वर्षी जावेचंच धरायचं. ती उंच, म्हणून तिच्या उंचीनं कापायचं आणि माझ्या गाऊनला खाली चार बोटं जास्त दुमडायचं. हात आपले करत गेले. तुकडे उचलले तेव्हा पुढचे दोन होते आणि पाठीचेही दोन.

हसू यायला हवं होतं, नाहीतर कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता. मी नुसती बसले. रस्त्यानं उसाचा रिकामा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला, तो लांब जाईपर्यंत बसले. मग दोन्ही शिवायला घेतले. कापलेल्या कापडाचं दुसरं करणार काय?

माझा आधी झाला. गळा मीच केला. डावीकडं चुण्या पडल्या, उजवीकडं पट्टी उताणी झाली. तसाच अंगात घातला. दुसऱ्याच्या सरळ शिवणी मारल्या, लांबी तिच्या उंचीची ठेवली, मिश्रीची डबी मावेल एवढा खिसा लावला, कारण डबीशिवाय तिचं पान हलत नाही. गळा मात्र कच्चा सोडला. ते माझं काम नव्हतं.

संध्याकाळी घडी घातली, पट्टीसाठी तिरका कापलेला तुकडा वर ठेवला आणि सगळं भिंतीवर नेऊन ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वीट ठेवली. नवऱ्यानं विचारलं, "हे काय?"

"कापड जास्त झालं," मी म्हटलं.

सकाळी भिंतीवर नुसती वीट होती. नंतर बरेच दिवस काही नाही. तिनं फडकी केली असतील, असंही मनात येऊन गेलं. त्याचंही काही वाटलं नाही.

मग एका दुपारी मी भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडं निळी फुलं दिसली. गळा गोल, सपाट, एक चुणी नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि सरळ माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं म्हणजे माझ्या गळ्याकडं.

"ह्यो गळा कुणी शिवला गं?"

माझ्या मागं कुणी आहे की काय, म्हणून मी वळून बघितलं.

"म्याच, अक्का."

"गाढवानं चावल्यागत दिसायलाय. आण इकडं."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीला? एकाच कापडाचे हायेत. लोक म्हणतील, दोन्ही गळे माझ्याच हातचे."

मी आत जाऊन साडी नेसले आणि गाऊन भिंतीवरून तिच्या हातात दिला. ती तिथंच, तिच्या बाजूनं भिंतीला पाठ लावून खाली बसली. आता ती दिसत नव्हती. ब्लेडनं टाके उसवल्याचा आवाज तेवढा येत होता आणि मधूनमधून तिची बडबड, "किती बारीक टाके घातलेत बाई, निघंनात."

भांडी तशीच टाकून मीही माझ्या बाजूनं भिंतीला पाठ लावून बसले. भिंत सकाळपासूनच्या उन्हानं तापलेली होती. पाठ भाजायला लागली. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी लागत होतं. मी उठले नाही.