सातव्याची टाच

कारखान्यात त्याला सगळे खुंटा म्हणत आणि तो त्याच नावाला ओ देई. हजेरीपुस्तकात दुसरं नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यानं मान वळवून कोण आलंय ते पाहिलं असतं. तो उचल खात्यात होता. मोठाली यंत्रं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायची आणि जागेवर बसवायची, हे त्या खात्याचं काम. पहार, पाचर, लाकडी ठोकळे आणि लोखंडी पाइपांचे तुकडे, एवढ्या संसारावर त्यानं पस्तीस वर्षं काढली. पुढे क्रेन आली. पण जिथे क्रेनची मान शिरत नसे तिथे अजून खुंट्यालाच बोलावणं येई.

या कामानं त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती. जागच्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो तेवढा हललेलीला ढकलायला लागत नाही. लेथ मशीन हलेना की नवखे घामाघूम होत, यंत्राच्या सात पिढ्या उद्धरत. खुंटा म्हणे, "अरे, तिनं अजून तुमची दखलच घेतली नाही. लावा आणखी थोडा." आणि मग ती कुरकुरत सुटली की तिला आवरता आवरता सगळ्यांची पळापळ होई.

वर्षातून एकदा खेळांचा दिवस असे आणि त्यात खात्याखात्यांची रस्सीखेच. एका बाजूला आठ माणसं. खुंटा आठवा, सगळ्यांच्या मागे, कमरेभोवती दोरीचा वेढा घेऊन. हे नाव तिथेच पडलं. एकोणीस वर्षं तो मागे उभा राहिला आणि एकोणीस वर्षं उचल खातं हरलं नाही. त्याच्याकडे ना शिक्षण होतं, ना उंची, ना बोलण्याची हातोटी. पण 'खुंट्याचा पाय सरकत नाही' असं कुणी म्हटलं की गडी आतून फुलून जाई. दोन महिन्यांवर निवृत्ती आली होती. जाताना हे एक वाक्य सोबत न्यायचं, एवढीच त्याची हाव होती.

नकाशे खात्यातल्या एका चष्मेवाल्या बाबूनं एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याला कागदावर सगळं काढून दाखवलं होतं. दोरीला बाण, पायांखाली बाण.

"तुम्ही त्यांना जेवढं ओढता ना खुंटेराव, तेवढंच ते तुम्हाला ओढतात. दोरी दोन्हीकडे सारखीच ताणलेली असते."

"मग जिंकतो कोण?"

"ज्याला जमीन जास्त धरून ठेवते तो. ते घर्षण."

"घर्षण म्हणजे घासणं. आमचे पाय हलतसुद्धा नाहीत, मग घासतंय काय?"

"न घासता जे धरतं तेच जास्त जबर. दोरी तुम्हाला पुढे खेचेल तेवढं जमीन तुम्हाला मागे धरते, पण तिची हद्द येईपर्यंतच. एकदा पाय सुटला की मग ती तेवढं धरत नाही."

खुंट्यानं कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "म्हणजे दोरी जागच्या जागी असते तेव्हा सगळे मरमर मरत असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही."

"त्याला समतोल म्हणतात."

"आमच्या घरी त्याला संसार म्हणतात," खुंटा म्हणाला, आणि बाबूला ठसका लागला.

संघात सातवा, म्हणजे खुंट्याच्या अगदी पुढे, त्याचा मेहुणा. लग्नानंतर वर्षभरात बायकोचा हा धाकटा भाऊ दप्तर पाठीला लावून घरी आला तो पंधरा वर्षं राहिला. खुंट्यानं त्याला शिकवलं, साहेबाच्या मागे लागून आपल्याच खात्यात चिकटवला आणि दोरी धरायलाही शिकवलं. "हात नुसते धरायला. ओढायचं टाचेनं. टाच जमिनीत गेली पाहिजे." वर्षानुवर्षं ती पाठ डोळ्यांसमोर ठेवून खुंटा उभा राहिला होता. त्या पाठीवर त्याचा जेवढा जीव होता तेवढा कशावर नव्हता.

यंदा मुकादमाला तो नकोच होता. "तुझा मेहुणा अंग चोरतोय. त्याच्याऐवजी वेल्डरला घेऊ."

"तो माझ्यापुढे उभा राहतो, त्याचं मी बघतो," खुंटा म्हणाला. "काही कमीजास्त झालं तर माझं नाव घ्या."

शेवटचा सामना स्टोअर खात्याशी पडला. स्टोअरच्या साहेबांना बिचाऱ्यांना जन्मात एकदा तो कप आपल्या कपाटावर ठेवायचा होता. शिट्टी झाली. दोरीच्या मधोमध बांधलेलं पांढरं फडकं थरथरलं आणि रेघेवर उभं राहिलं. एक मिनिट गेलं, दीड गेलं, फडकं बोटभर हललं नाही. खुंटा मागे रेलून आभाळाकडे बघत होता. असं काही मिनिटं धरलं की समोरचे आपोआप ढिले पडतात, हे त्याला पाठ होतं.

आणि अचानक तळव्यांखालचा भार वाढला. समोरच्यांनी हिसका दिला असता तर तो सगळ्या दोरीतून आला असता, पुढच्यांच्या खांद्यांतून दिसला असता. पुढचे सहाजण होते तसेच होते. एका माणसाचा वाटा कमी झाला होता आणि तो उरलेल्यांच्या पायांवर येऊन पडला होता, सगळ्यांत जास्त त्याच्या. खुंट्यानं मान खाली घातली. मेहुण्याच्या टाचा गवतावर नुसत्या टेकल्या होत्या, जणू स्वारी बागेत फिरायला आलीय. तोंडानं मात्र तो सगळ्यांहून मोठ्यानं ओरडत होता, "ओढा! ओढा!"

"टाच रोव रे!" खुंटा ओरडला. पाठ वळली नाही. त्यानं स्वतः होतं नव्हतं ते सगळं लावलं, आणि मग जमिनीची हद्द संपली. एकोणीस वर्षांत जो सरकला नव्हता तो पाय सरकला, आणि सरकतच गेला. फडकं दोन हात पलीकडे गेलं. शिट्टी वाजली.

मुकादम धावत आला. "काय झालं?"

खुंटा तोंड उघडणार तेवढ्यात मेहुण्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजींचा पाय सरकला. वय झालं, त्यांचा तरी काय दोष!"

खुंटा त्या हाताकडे बघत राहिला. सगळे ऐकत होते. एक वाक्य बोलला असता तर पोराबाळांचा बाप असलेला तो माणूस कारखान्यात कायमचा उघडा पडला असता. आणि घरी? त्याची बायको या भावाला डोळ्यांत तेल घालून जपत आली होती. तिला हे समजलं तर ती उभी मोडेल, असं खुंट्याला वाटलं. "हो," तो म्हणाला, "सरकला."

मैदान रिकामं झाल्यावर तो परत गेला. माणसं दोरीच्या एकाआड एक बाजूला उभी राहत, त्यामुळे ज्याची त्याची जागा ओळखता येत होती. सहा जागी टाचांचे खड्डे होते. आठव्या जागी गुडघा मावेल एवढा खड्डा आणि पुढे नांगर फिरवल्यासारखी रेघ. सातव्या जागी गवत चेपलं होतं, उपटलं नव्हतं. खुंटा तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिला आणि त्याला रडू आलं.

पुढचे आठ दिवस त्याची टिंगल झाली. 'खुंटा उपटला' असं कुणीतरी शेडच्या दारावर खडूनं लिहिलं. तोही हसला. नवव्या दिवशी दुपारी फलकावर बदलीचा कागद लागला. मेहुण्याला स्टोअरमध्ये घेतलं होतं. खुर्ची, पंखा, बसून करायचं काम. मग मात्र खुंट्याला काही सांगावं लागलं नाही. आपण काय किमतीला गेलो ते त्यानं उभ्या उभ्या वाचलं. कागद आजच लागला होता, आणि तिकडे रुजू कधी व्हायचं त्या तारखेची जागा कोरी होती.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला कसलाही संशय येऊ नये म्हणून त्यानं आवाज हसरा ठेवला. "अगं, ऐकलंस का? तुझ्या भावाची स्टोअरला बदली झाली."

"हो ना," ती म्हणाली. "सोमवारपासून."

"सोमवारपासून हे तुला कुणी सांगितलं?"

घडी घालता घालता तिचा हात थांबला. मग तिनं ती घडी पुरी केली आणि बाजूला ठेवली.

"त्यानंच. महिना झाला. तिथल्या साहेबांनी शब्द दिला होता त्याला, यंदा स्टोअर जिंकलं तर घेतो म्हणून."

"महिना?"

"अहो, त्याची कंबर गेलीय. मुलं लहान आहेत. त्याला अजून वीस वर्षं काढायचीत आणि तुमचे राहिलेत दोन महिने. एक खेळ तर होता."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला काढून वेल्डरला घेतलं असतं." हे खरं होतं. ती त्याला ओळखून होती, आणि ओळखून होती म्हणूनच बोलली नव्हती.

"आठ दिवस तू माझे पाय शेकतेस," खुंटा म्हणाला. "शेकता शेकता म्हणालीस, वय झालं आता तुमचं. आणि मी म्हटलं, हो, झालं."

तिनं पुढचा कपडा घडीला घेतला. खुंट्याला बसावंसं वाटलं, पण पलंगभर घड्या पसरल्या होत्या. मेहुण्यानं दगा दिला तो त्यानं गिळला होता, आणि गिळला होता तो हिच्यासाठी. दोघं भाऊबहीण एका बाजूला उभी होती आणि हा एकटाच आपल्या बाजूला माणसं आहेत असं समजून टाचा रोवत बसला होता. त्याला भयंकर राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना.

"रविवारी येतोय तो जेवायला, सगळ्यांना घेऊन," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा एवढं हे काढू नका त्याच्यासमोर. त्याला आधीच फार वाईट वाटतंय."

"आणि मला?"

तिनं वर पाहिलं. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"तुम्हाला काय?" ती म्हणाली.