योहानमामांचं पेटीचं दुकान

पेटी दुरुस्तीला आली की आधी तिच्यातून धूळ निघते, मग झुरळं निघतात आणि शेवटी गोष्टी निघतात. धूळ झटकता येते. गोष्टी मात्र साठत जातात.

शिरूरच्या पेठेत योहानमामांचं दुकान होतं. गावात तेव्हा रेडिओ मोजकेच. गाणं म्हणजे देवळातलं भजन नाहीतर चर्चमधली गायनं, आणि दोन्हीकडे पेटी लागायचीच. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची. वडिलांना वाटे, मी मास्तरीण व्हावं. मी मात्र मामांकडे काम मागायला गेले.

मामांनी पेटीतले दोन सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, काढून एकामागून एक तोंडानं फुंकून वाजवले आणि विचारलं, यातला चढा कुठला? मी पुन्हा वाजवायला सांगितलं. चुकले तर मास्तरीण होऊन शाळेत फळा पुसायचा हे ठरलेलंच होतं. तरी जे ऐकू आलं तेच बोलले, "दोन्ही सारखेच आहेत."

"आतापर्यंत तिघं येऊन गेले," मामा म्हणाले. "तिघांनीबी एक चढा सांगितला."

* * *

पाबळचे एक आबा भजनी मंडळाची पेटी घेऊन आले. मला पट्ट्या खोलून बसलेली पाहिलं आणि त्यांनी पेटी परत काखेत मारली. बाईमाणूस, त्यातून मिशनमधली. देवाच्या पेटीला हिचा हात नको, असं त्यांचं म्हणणं.

मामांनी शांतपणे विचारलं, "आबा, हिच्याकडून पेटी दुरुस्त करून घ्यायचीय, का हिच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

 आबा पेटी ठेवून गेले. पुढं त्यांच्या गावच्या सगळ्या पेट्या माझ्याकडेच आल्या.

* * *

दौंडला एक रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर होते. त्यांनी निरोप पाठवला, पेटीच्या शेवटच्या, चढ्या सुरांच्या चार पट्ट्या मेल्यात. मी एसटीनं गेले. पेटी वाजवली. चारही पट्ट्या खणखणीत बोलत होत्या.

आयुष्यभर इंजिनाच्या शिटीखाली उभं राहिलेला माणूस. खोटी दुरुस्ती करून परत यावं, असं क्षणभर वाटलं. पण मग जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, आप्पा, पेटी चांगली आहे.

त्यांनी त्या चारही पट्ट्या पुन्हा एकेक दाबून पाहिल्या. मग म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं, हिचंच वय झालं."

* * *

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामांनी लावलेल्या पेट्यांत मला खोट ऐकू यायला लागली. आधी एखादा सूर, मग दोन, मग चार. त्यांना सांगायची छाती होईना. मामा दुपारी जेवायला घरी गेले की मी त्यांनी लावलेली पेटी उघडायची, चुकलेले सूर घासून जागेवर आणायचे आणि होती तशी बंद करून ठेवायची. वर्षभर असं चाललं. सूर घासायची त्यांची एक बारीक कानस होती, तिला ते कुणाला हात लावू देत नसत. मी माझी वापरायचे.

एके दिवशी केंदूरच्या बुवांची पेटी मामांनी सकाळभर मांडीवर घेतली आणि "झाली" म्हणून जेवायला गेले. मी उघडली. एकाही सुराला हात लागलेला नव्हता. आत फडक्यात गुंडाळून मामांची कानस ठेवलेली होती.

मी तिनंच सगळे सूर लावले. मामा परत आले. आपल्या गादीवर न बसता गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन टेकले, आणि मला जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले.

"बुवांची पेटी कवा देताय, मिस्त्री?"