रुईच्या पानांचं पनीर

मी पदवीधर झालो तो पुणतांब्याच्या शेवंताआत्यामुळे. म्हशी राखून तिने मला शिकवलं.

केडगावात, माझ्या नोकरीच्या गावी, शेजारच्या खोलीत पश्चिम आफ्रिकेतून शिकायला आलेली एक मुलगी राहायची. एका शनिवारी मारुतीच्या देवळापुढे ती रुईची पानं मागत होती. माळवाल्या मावशी म्हणाल्या, "देवाला घाल गं बाई, खाऊ नगं! लई वंगाळ चीक हाय."

तिच्याकडे याच पानांच्या रसाने दुधाचं मऊ पनीर करतात. तिने कोमट दुधात रस गाळला आणि गाणं गुणगुणत, डोळे मिटून ढवळत राहिली. दूध फाटेना. तिने आणखी रस घातला.

"आई करायची तेव्हा मी शेजारी बसून नुसत्या गप्पा मारायचे," ती म्हणाली. "पानं किती, कधी विचारलंच नाही. आता आई नाही."

शेवटी पनीर झालं. तिने एक कण जिभेवर ठेवला.

"कडू," ती हळूच म्हणाली.

आत्याला फोनवर नीट ऐकू येत नाही. त्याच संध्याकाळी मी तिला पत्र लिहिलं:

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार. तुझा खरवस लहानपणापासून खातोय, पण कसा करतेस ते कधी विचारलं नाही. म्हैस व्याली की कळव. रजा काढून येतो. या वेळी चुलीपुढे मी बसेन, तू नुसतं सांग."