परत गेलेली ओवाळणी

त्या भाऊबीजेला मी मोबाईलला ओवाळलं. पेडगावच्या घरात पाट मांडला, पाटावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि त्यात दिसणाऱ्या धाकट्या भावाच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, कुंकू लावलं. तो नोकरीसाठी पोलंडला गेला होता. ते कुंकू पुसायचं नाही, असं आईनं मला बजावलं.

"ताई, ताट पुढं कर, ओवाळणी टाकायलोय," तो म्हणाला.

ओवाळणी म्हणजे व्हिडिओ गेम. लहानपणी आमच्यात एकच कॉम्प्युटर होता; बटणं त्याची, माऊस माझा; गेममधल्या माणसाला चालवायचा तो, वळवायचे मी. तो गेला तरी त्याच्या खात्यातले गेम मला इथं खेळता यायचे. पण तिकडच्या बँकेचं कार्ड जोडायला त्याला खात्याचा देश बदलावा लागला आणि माझं खेळणं बंद झालं. गेम एका घरातल्या माणसांनीच वाटून घ्यायचे, आणि घर म्हणजे एकच देश, हा कंपनीचा नियम. आमचं घर कोणतं हे ठरवणारे हे कोण टिकोजीराव?

भेट आली. डोंगरातल्या माळावर दोघांनी मिळून घर बांधायचा गेम होता. मी बटण दाबलं, तर उत्तर आलं: ही भेट तुमच्या प्रदेशात वापरता येणार नाही. आणि ती आपोआप त्याच्याकडं परत गेली.

आईचा चेहरा उतरला. "परत गेली म्हंजे? भावाची ओवाळणी कुठं परत जात असती का?" ओवाळणी पडल्याशिवाय ताट उचलायचं नाही, ही तिची रीत, आधीच उचललं तर भावाच्या आयुष्याला धोका. मी माझेच पैसे टाकते म्हटलं. "तुझे कशाला? त्याचे पडू दे." निरांजन विझलं, ताट तिथंच राहिलं.

"लय चिडू नको," भाऊ हसला. "काय तर रस्ता काढतो. तवर मी आत जाऊन तुझी जागा धरून ठेवतो." जिंतूरच्या एसटीत तो असाच खिडकीतून माझ्यासाठी रुमाल टाकायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही. कॉम्प्युटर उघडला, तर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका. गेम चालू! मी भडकलेच. बहिणीशी बोलायला सवड नाही आणि खेळायला आहे? त्याचा खेळ मला नुसता बघता यायचा, तो उघडला. माळावर त्याचा माणूस पाठमोरा उभा होता. शेजारी दगड लावून थोडी जागा आखलेली होती.

संध्याकाळी बघितलं, तो तिथंच. सकाळी बघितलं, तिथंच. गेममधला दिवस लवकर सरतो. त्याच्यावर ऊन यायचं, अंधार पडायचा, पुन्हा ऊन. गवत हलत होतं, तो हलत नव्हता. आता मला भीती वाटायला लागली. फोन नुसताच वाजायचा. त्याच्या खोलीतला सोबती गावाला गेलेला, ऑफिसला सुट्ट्या. आई ताटाला वळसा घालून चालायची. ती भेट मिळाली असती, तर मी आत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले असते. मला बघायची मुभा होती, जायची नव्हती.

एका दुपारी तो माणूस गर्रकन वळला आणि माझ्याकडं तोंड करून थांबला.

"आई, हलला!"

आई पिठाचे हात घेऊन धावत आली. पडद्याकडं बघून रडायलाच लागली. "हाय गं माझं लेकरू, हाय. हीच ओवाळणी म्हण." तिनं ताट उचललं आणि आत गेली.

मी लगेच फोन लावला. या वेळी तो उचलला गेला. आवाज परका होता, इंग्रजी तोडकं. तो सोबती होता. आत्ताच गावाहून आलो, म्हणाला. तुझा भाऊ खुर्चीत बसलेला दिसला, म्हणून खांद्याला हात लावला, तर त्याचा माऊसवरचा हात खाली घसरला. त्याला जाऊन बरेच दिवस झाले असावेत.

आत आई ताट घासत होती. पडद्यावर तो आखलेल्या जागेशेजारी माझ्याकडं बघत उभा होता.