राख न सापडलेलं गाव

व्हँकुव्हरला उतरल्यापासून पाऊस हात धुऊन मागे लागला होता. देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं, मार्कहॅमचं ऊबदार घर सोडून या वयात कुठे मरायला आले, असं मी स्वतःलाच विचारत होते. पण शेजारच्या लिनबाईंना नाही म्हणणं मला जमत नाही. चीनमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या, मातीत विरघळलेल्या वस्त्या शोधण्यात या बाईंचा जन्म गेला. आता त्यांना शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या फ्रेझर नदीकाठी वाळूतून सोनं धुणाऱ्या चिनी मजुरांची वस्ती शोधायची होती. लिनबाईंच्या आईचे आजोबा तिथे राबले, परतले नाहीत, अस्थीही गावी पोचल्या नाहीत. आई नव्वदीची. आजोबा कसे राहिले, एवढं तिला मरण्यापूर्वी कळायला हवं होतं.

रस्त्यातल्या डायनरमध्ये (साधी खानावळ) पाणचट सूप गिळून आम्ही नदीकाठच्या एका रँचवर (गुरांचं मोठं कुरण) पोचलो. मालक सज्जन म्हातारा. खुशाल शोधा म्हणाला, पण इथे गवताशिवाय काही नाही.

लिनबाई खाली मान घालून सरळ रेषेत चालायच्या, वळून पुन्हा शेजारच्या रेषेत. दुपारी टेकडीच्या पायथ्याशी ओळीने उथळ खळगे दिसले. मातीत गेलेली घरंच! मला तर हायसं वाटलं. त्यांनी पोकळ सळई जमिनीत रोवून मातीची लांब कांडी वर काढली. घर असेल तर तुडवून घट्ट झालेला थर लागतो, चुलीची राख लागते, असं त्या सांगत होत्या. माती नुसतीच कालवलेली निघाली, कुणी खणून परत भरल्यासारखी. दुसऱ्या खळग्यातही तेच.

त्यांनी सळई खाली ठेवली.

"ही घरं नाहीत. कबरी आहेत."

काही वर्षांनी अस्थी उकरून, धुऊन, जहाजाने मायदेशी पाठवायची त्या मजुरांची रीत. म्हणून खळगे रिकामे. फक्त ओळीच्या टोकाला खळगा नव्हता, गवताखाली कबरीचा उंचवटा तसाच होता. तिथे सळई घालायला त्यांचा हात धजेना.

"हा राहून गेला," त्या म्हणाल्या आणि चिखलात बसून रडल्या. आजोबाच असतील का, ते कळायचा मार्ग नव्हता. त्यांनी सोबत आणलेली उदबत्ती भिजली होती, काही केल्या पेटली नाही.

परतल्यावर मी लिनबाईंच्या आईंना भेटायला गेले. त्यांनी माझे हात धरले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आजोबांचं घर सापडलं ना? चुलीत खूप राख होती, लेक म्हणाली. थंडी नसेल वाजली त्यांना."

लिनबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"हो आई," मी म्हणाले. "खूप राख होती."